जात्याला गेटपास

माझ्या लघवीत साखर सापडली, ही बातमी माझ्या आधी कॅन्टीनला कळली होती. कंपनीच्या डॉक्टरांच्या खोलीतून उतरल्या चेहऱ्यानं बाहेर पडलो, जरा घोटभर चहा घ्यावा म्हणून कॅन्टीनमध्ये शिरलो, तर वाढप्यानं न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे केला. वर म्हणतो, "घ्या घैसाससाहेब. तुम्हाला आता वरून साखर कशाला?" आसपासची टेबलं खो खो हसली. मी टाइम ऑफिसात होतो. उशिरा येणाऱ्यांची हजेरी कापणं हे माझं काम. त्यामुळे माझ्या दुःखात हसायला माणसांची कमतरता कधीच नसे.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. तेव्हा पिंपरी म्हणजे कारखाने, मधूनमधून ज्वारीची रानं आणि शिफ्टचे भोंगे. मी राहायला पवनेपलीकडे, काळेवाडीत. तिथून सायकल हाणत यायचं. म्हणजे सायकल होती; मी मात्र कंपनीच्या बसनं यायचो. माणसानं आपल्या पदाला शोभेल असं वागावं, एवढंच माझं म्हणणं.

डॉक्टर फटकळ होते. म्हणाले, "पांढरं पीठ बंद. पॉलिशचा तांदूळ बंद. कोंडा चाळून फेकता ना? तो पोटात जाऊ दे. धान्य अख्खं खायचं."

"अख्खं?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे मूठभर कच्ची ज्वारी चावणारा घैसास उभा राहिला.

"दळून हो! सालासकट, कोंड्यासकट. ज्वारी, बाजरी, नाचणी. सहा महिने हे नेमानं करा, मग पुन्हा तपासू. सुधारलं नाही तर गोळ्या आहेतच."

घरी येऊन हे सांगितलं तर माझी बायको नीला आधी घाबरली आणि मग रागावली. नीलाच्या पोळ्या आमच्या नात्यात प्रसिद्ध होत्या. पीठ वस्त्रगाळ, पोळी अशी की तिच्यातून पलीकडचा माणूस ओळखावा. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी काय तुम्हाला विष कालवून घालत होते?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण चाळणी मात्र तिनं खुंटीला लावून टाकली, ती कायमची.

इथवर सगळं ठीक होतं. कोंड्यासकट पीठ, भाकरी, एक वेळ नाचणीची आंबील. कुठल्याही शहाण्या माणसानं इथं थांबायला हवं होतं. पण आमच्या शेजारी दत्तोबा राहत असत. दत्तोबांनी पोट या एकाच विषयाला आयुष्य वाहिलेलं. त्यांना नुसतं "काय, बरं आहे ना?" विचारलं तरी ते कालपासूनचा पोटाचा सगळा वृत्तांत देत. माझी हकीकत ऐकून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "नुसत्या भाकरीनं काय होणार? रात्री वाटीभर कोंडा भिजत घाला, सकाळी उपाशीपोटी घ्या. आतडी लख्ख!"

मी घेतला. आमच्या बारा बिऱ्हाडांत संडास दोन, आणि सकाळी पहिल्या पाळीची माणसं हातात डबा घेऊन रांगेत उभी. त्या रांगेत कोणी कोणाच्या आधी जायचं याला काही रीतभात होती. ती मी त्या आठवड्यात इतक्या वेळा मोडली, की शेवटी लोक मला लांबून येताना बघूनच बाजूला व्हायला लागले. "सोडा, सोडा, घैसास आले!" तोपर्यंत लोक मला बघून घाबरून वाट देत असत, आता दयेनं देऊ लागले. भारी लागलं मनाला.

कोंडा थांबवला, तर दत्तोबांनी दुसरी पुडी सोडली. "गिरणीच्या पिठात काही दम नाही हो. पीठ बाहेर पडतं तेव्हा हात घालून बघा. गरम! सगळं सत्त्व जळून जातं. खाल्लं तर जात्यावरचं खावं."

गिरणीत जाऊन मी खरंच हात घातला. पीठ चांगलं कोमट होतं. गिरणीवाला म्हणाला, "साहेब, हात काढा, लोक बघतायत." पण माझ्या डोक्यात जातं बसलं ते बसलंच.

आणि जातं होतं घरातच! आमची घरमालकीण गोजाबाई. या वयातही ताठ, तोंडात सगळे दात. मुलगा-सून नव्हती, नात कस्तुरा तिनंच वाढवलेली. पहाटे पडवीत दोघी समोरासमोर बसून भाकरीपुरतं दळण काढायच्या. दारापलीकडे इतकी वर्षं मी तो आवाज ऐकत होतो आणि झोपमोड होते म्हणून कुरकुरत होतो. आता मी अदबीनं पडवीत गेलो आणि आमचंही पायलीभर दळण जात्यावर काढू द्याल का, असं विचारलं. त्यासाठी मुद्दाम खपली गहूसुद्धा आणून ठेवला होता.

गोजाबाई म्हणाली, "काढा की. पर भाऊ, त्ये बोथाटलंय. टाकी लावायची वडारीण औंदा आलीच न्हाई. दाणा नुसता भरडतोय."

टाकी लावणं म्हणजे छिन्नीनं दगडाला पुन्हा खाचा पाडणं. दळून दळून दगड झिजतो, मग दाणा धरत नाही. एवढं मला माहीत होतं. म्हणजे, माहीत आहे असं मला वाटत होतं. मी छाती काढून म्हणालो, "द्या माझ्याकडे. आमच्या कंपनीत एकाहून एक कारागीर आहेत. असं करून आणतो की बघत राहाल."

गोजाबाई जरा घुटमळली. "माझ्या सासूचं हाय त्ये. रानातल्या घरनं हितं आणलेलं तेवढंच ऱ्हायलंय. आन म्होरल्या बेस्तरवारी कस्तुराची हळद हाय. ह्याच जात्यावर दळायची. त्याच्या आत पायजे."

"गोजाबाई, घैसासचा शब्द आहे," मी म्हणालो. माझ्या शब्दाला कंपनीत काय किंमत होती, हे तिला ठाऊक नव्हतं हे माझं नशीब.

जातं दोन पिशव्यांत घालून मी आणि दत्तोबांनी बसपर्यंत नेलं. दत्तोबांनी अर्ध्या वाटेवर पोटात कळ आल्याचं सांगून पिशवी खाली ठेवली, ती पुढे मीच ओढली. कारखान्याच्या गेटात आत जाणाऱ्याला तेव्हा कुणी काही विचारत नसे. पहारा सगळा बाहेर जाणाऱ्यावर. मी दगड घेऊन आत गेलो आणि रखवालदारानं उलट सलाम ठोकला.

टूलरूममध्ये भीमराज होता. ग्राइंडिंग मशीनवर त्याच्या तोडीचा माणूस सगळ्या पट्ट्यात नाही, असं लोक म्हणत आणि तोही म्हणे. मी जातं त्याच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, "भीमराज, हे झिजलंय. नीट करून द्यायचं. घरचं काम समज."

त्यानं दगडावरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "काय अवस्था केलीय राव! सगळा खडबडीत. इकडे उंच, तिकडे खोल. बिनघोर जा साहेब. असं करतो, की कंपनीचा जर्मन इंजिनिअर येऊन बघेल."

खडबडीत आहे म्हणून तो हळहळला आणि मीही त्याच्याबरोबर हळहळलो. त्या क्षणी आम्हा दोघांपैकी एकाच्या तरी आईनं तिथं असायला हवं होतं.

बुधवारी, म्हणजे हळदीच्या आदल्या दिवशी, त्यानं फडकं काढून जातं दाखवलं. काय सांगू! दोन्ही दगड आरशासारखे गुळगुळीत. एकावर एक ठेवले तर मधून कागद जाईना. कडा गोल. जुना लाकडी खुंटा काढून त्यानं पितळेचा नवा बसवला होता, त्यावर हाताला घसरू नये म्हणून बारीक नक्षी. मी भीमराजला मिठीच मारली. टाइम ऑफिसचा माणूस टूलरूमच्या माणसाला मिठी मारतोय हे बघून दोन मशिनं आपोआप थांबली.

संध्याकाळी पिशव्या घेऊन गेटाशी आलो. गेटावर चिमाजी सुभेदार. पलटणीतून निवृत्त होऊन कंपनीच्या पहाऱ्यावर आलेले. मिशा अशा की शिफ्ट सुटताना लोक आपोआप रांगेत येत.

"पिशवीत काय?"

"जातं."

त्यांनी फडकं बाजूला केलं. वरच्या दगडावरून हात फिरवला. पितळी खुंटा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "घैसास, मी खेड्यातला माणूस आहे. जातं काय असतं मला माहीत आहे. हे जातं नाही. हा कंपनीचा माल आहे."

"अहो, कंपनी जातं कशाला बनवेल?"

"तेच मी विचारतोय. पास दाखवा."

पास स्टोअरकडून मिळतो. स्टोअरवाला म्हणाला, माल आत आल्याची नोंद दाखवा. नोंद गेटावर होते. गेट म्हणालं, नोंद नाही, म्हणजे आत आलाच नाही. आत आला नाही तर बाहेर कसा जाईल? मी म्हटलं, अहो हेच ते, आत आलाच नाही असं समजून बाहेर जाऊ द्या. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. त्या दिवशी मला प्रथम कळलं, की मी रोज खिडकीआडून लोकांना जी उत्तरं देतो ती पलीकडून कशी ऐकू येत असतील.

"जात्याच्या मालकाला येऊन ओळख पटवू दे. मग बघू," सुभेदार म्हणाले आणि जातं आपल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं.

घरी मांडव उभा होता. पडवीत जात्याची जागा शेणानं सारवून, रांगोळी काढून रिकामी ठेवलेली. खण आणि सुपारी ताटात तयार. सगळ्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. रिकामे हात घेऊन मी आयुष्यात इतका अवघडलो नव्हतो. सगळं सांगितलं. कस्तुरा तेवढी म्हणाली, "काका, दुसऱ्याचं आणू की मागून," आणि तिनं आजीकडे पाहिलं. तिचा आवाज ऐकून मला जेवण गेलं नाही. तेही कोंड्यासकट भाकरीचं.

गुरुवारी सकाळी गोजाबाईला घेऊन मी गेटावर. पहिली पाळी आत जात होती, त्यामुळे बघायला निम्मा कारखाना. डोक्यावर पदर, हातात काठी, म्हातारी ताड ताड चालत आली. सुभेदारांनी जातं बाहेर काढून स्टुलावर ठेवलं. "हे तुमचं का, आजी?"

गोजाबाईनं वरच्या दगडावर तळवा ठेवला. फिरवला. मग दगड कलता करून आतून चाचपला.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्ये माजं न्हाई."

सुभेदारांची मिशी वर गेली. "गोजाबाई, अहो तुमचंच आहे! टाकी लावून आणलंय!"

"टाकी? कुठाय टाकी?" म्हातारी कडाडली. "ह्ये जातं हाय का भांग पाडायचा आरसा? ह्यात दाणा घसरंल का दळंल? खाचाच न्हाईत! आरं, माझ्या सासूचं जातं डोळं झाकून कळायचं मला. कुणी केलं ह्ये?"

गर्दीत भीमराज उभा होता. तो पुढे आला. इतकं पडलेलं तोंड मी त्याचं कधी पाहिलं नाही. "मी केलं, आजी. खडबडीत होतं म्हणून..."

"खडबडीतच आसतंय रं लेकरा! म्हणून तर दळतंय!"

भीमराजनं पळत टूलरूम गाठली आणि परत आला तो जुना लाकडी खुंटा घेऊन. त्यानं तो टाकला नव्हता. लाकूड चांगलं मुरलेलं म्हणून छिन्नीची मूठ करायला ठेवून घेतला होता. गोजाबाईनं तो मुठीत धरला. बोटं बरोबर जागच्या जागी बसली. तीन पिढ्यांच्या हातांनी ते लाकूड झिजलेलं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "ह्यो माजा."

सुभेदार माणूस वाईट नव्हते, पण नियमाचे पक्के. "खुंटा खुशाल न्या, आजी. दगडाची मात्र ओळख पटलेली नाही. पास लागेल."

गोजाबाईनं डोळे पुसले आणि आजूबाजूला नीट पाहिलं. सुभेदारांची खोली, पलीकडची सायकलींची शेड, आत धुरांड्यापर्यंत गेलेला रस्ता.

"सुबेदार, ही तुमची खोली हाय न्हवं, हितं आमचं खळं व्हतं. त्या शेडपाशी हीर. आमचं सगळं रान ह्याच गेटातनं आत गेलं. बांध गेलं, आंबं गेलं, राहातं घर गेलं. तवा कुणी मागितला न्हवता पास. आन आता एक दगूड भाईर काढायचा, तर पास लागतुया व्हय?"

भोंगा झाला. एरवी भोंग्यानंतर जो गेटाबाहेर राहतो त्याची हजेरी मी कापतो. त्या दिवशी कुणी हललं नाही, आणि मीही घड्याळाकडे पाहिलं नाही. सुभेदारांनी टोपी काढून स्टुलावर ठेवली, खालचा जड दगड स्वतः उचलला आणि म्हणाले, "घैसास, वरचा घ्या. रिक्षा कुठे आहे?"

हळदीला भीमराज रजा टाकून आला. मांडवाच्या कोपऱ्यात बसून त्यानं छिन्नी-हातोडीनं आपलाच आरसा फोडला. गोजाबाई काठीनं दाखवत होती, "हितं. जरा तिरकं. आरं, जीव लावून नगं, राग काढ!" खाचा झाल्या, जुना खुंटा परत बसला, पण ताज्या टाकीवर पहिल्यांदा दळलेल्यात दगडाची कच येते, ते टाकून द्यावं लागतं. त्यासाठी कुणाचं तरी धान्य हवं. गोजाबाईनं मांडवभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. माझा खपली गहू, ज्याच्यापायी हे सगळं झालं, तो जात्यात गेला आणि पीठ गाईपुढेसुद्धा न टाकता उकिरड्यावर. मग खण-सुपारी बांधून पाच सवाष्णींनी हळद दळली. नीला त्यांत होती. कस्तुरा पिवळी झाली, हसली, रडली आणि दुसऱ्या दिवशी लग्न होऊन वाकडला गेली.

चार-पाच दिवसांनी पहाटे मला जाग आली. जात्याचा आवाज येत होता, पण अडखळत. थोडं फिरे, थांबे, पुन्हा फिरे. मी दाराबाहेर आलो. पडवीत गोजाबाई एकटीच दळत होती. जातं एकट्यानं ओढवत नव्हतं तिला. समोर कस्तुराचा पाट तसाच मांडलेला, रिकामा.

मला बघून ती म्हणाली, "दळण काढायचं म्हणत व्हतात न्हवं? बसा की."

"मी? अहो, नीलाला बोलावतो. पुरुष माणूस..."

"पुरुस खाईत न्हाई व्हय?"

बसलो. काय करणार? खुंट्याला आणखी एक हात लागला. पहिल्या दिवशी माझे खांदे असे भरून आले, की टाइम ऑफिसात पेनही उचलेना. दुसऱ्या दिवशी दत्तोबांनी पाहिलं आणि दुपारपर्यंत सगळ्या काळेवाडीला कळलं. "घैसास दळायला बसतो!" कॅन्टीनमध्ये वाढप्यानं विचारलं, "साहेब, आमचंही थोडं घ्याल का?" नीला लाजेनं पाणी भरायला जाईना. मी ठरवलं, उद्यापासून बंद. पण पहाटे तो अडखळता आवाज आला की अंथरुणात पडवेना. गोजाबाई फारसं बोलत नसे. कधी रानाचं, कधी सासूचं, कस्तुराचं मात्र कधीच नाही. मीही विचारत नसे. आम्ही दोघं ओढत राहायचो. ज्वारीचा वास सुटायचा, उजाडायचं, मग नीला चहा घेऊन यायची आणि तिथंच बसायची. तिची लाज कधी गेली हे आम्हाला कळलं नाही. आयुष्यात मला इतकं शांत पुन्हा कधी वाटलं नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं. साखर नव्हती. पोट आत गेलेलं. त्यांनी पुन्हा तपासलं. मग चष्मा वर करून म्हणाले, "घैसास, कमाल आहे! काय खाल्लंत?"

"भाकरी," मी म्हणालो. "कोंड्यासकट."

"बघा! मी म्हणालो नव्हतो?" त्यांनी पुढच्या माणसाला माझं उदाहरण दिलं, आणि तो बिचारा पुढे कितीतरी दिवस नुसता कोंडा खात होता.

त्याच आठवड्यात कस्तुरा माहेरपणाला आली. मी नेहमीप्रमाणे पहाटे पडवीत जाऊन पाटावर बसलो, सूप पुढे ओढलं, तेवढ्यात ती आतून डोळे चोळत आली. मला बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गोजाबाईचा चेहरा जसा फुलला होता, तसा मी सहा महिन्यांत पाहिला नव्हता.

"उठा काका," कस्तुरा म्हणाली. "माजी जागा हाय ती."

मी हसत उठलो. जागा झटकून दिली. घरात आलो, पांघरूण डोक्यावरून घेतलं. बाहेर जातं सुरू झालं, न अडखळता, एका लयीत. चांगली झोप लागायला हवी होती. पण खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.